लेकीची वीट

प्रिय ऋचा आणि मिहिर,

गेल्या महिन्यात तुम्ही नव्या घराची भिंत मला फोनवर दाखवलीत. विटा उघड्या, वर गिलावा नाही. मिहिर म्हणाला, आजी, हे मुद्दाम असं ठेवलंय, छान दिसतं म्हणून. मग त्याने विचारलं की विटा कोण करतं, आणि मी म्हटलं, कारखान्यात होत असतील. फोन ठेवल्यावर माझंच उत्तर मला खुपत राहिलं. तुमच्या आजीचं सगळं बालपण विटांच्या खळ्यावर गेलं आणि ते तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. तुमच्या आईला वाटलं, मी सांगेन. मला वाटलं, भट्टी कुठे जाते आहे, कधीतरी तुम्हाला कोल्हारला नेऊन दाखवू. आता दाखवता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

मी तशी शिस्तीची बाई. शाळेत मुलांना निबंधाचे परिच्छेद पाडायला शिकवण्यात माझी नोकरी संपली. हेही क्रमाने लिहायचं ठरवलं होतं, भट्टी सुरू करणाऱ्या माझ्या आजोबांपासून. पण लिहायला बसलं की आजोबांच्या आधी वास येतो.

तो तुडवलेल्या चिखलाचा वास. पावसाने भिजलेल्या मातीचा वेगळा आणि हा वेगळा. नदीकाठची पोयट्याची माती खड्ड्यात टाकायची, त्यात साखर कारखान्यातून आणलेली उसाच्या चिपाडाची राख मिसळायची, पाणी सोडायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी त्या खड्ड्यातून आंबूस, थंडगार वास येई, ताकाच्या डेऱ्याला येतो तसा. त्यात माणसं उतरत आणि गुडघ्यापर्यंत चिखल तुडवत. पाय वर येताना चिखल चुंबल्यासारखा आवाज करी. मी अंथरुणात तो आवाज ऐके आणि कळे, दिवाळी संपली, हंगाम लागला.

आपण कुंभार. आजोबांना सगळे आबा म्हणत. ते चाकावर मडकी, रांजण घडवायचे. मग प्रवरेच्या काठाने ऊस वाढला, कारखाने आले, कारखान्याच्या मागे पक्की घरं आली आणि लोक आबांना मडक्यांऐवजी विटा मागू लागले. आबांनी चाक उचलून भिंतीला टेकवून ठेवलं आणि बाभळीच्या लाकडाचा साचा करून घेतला. मला आठवतं तेव्हापासून ते चाक भिंतीलाच टेकलेलं आहे. त्यावर कोंबड्या बसत.

खळं म्हणजे विटा थापायची सपाट जागा. ती सारवल्यासारखी गुळगुळीत असे. त्यावर राख भुरभुरायची, साचा पाण्यात बुडवून मांडायचा, चिखलाचा गोळा दोन्ही हातांनी उचलून त्यात आपटायचा, वरचा भाग हाताने निपटायचा आणि साचा अलगद वर उचलायचा. खाली वीट. ओली, काळसर, चकाकणारी. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, इतक्या सरसर थापत जात की मागून बघणाऱ्याला वाटावं, ते फक्त वाकून नमस्कार करत पुढे चाललेत आणि विटा त्यांच्या मागे आपोआप उगवताहेत. पारनेरच्या कोरड्या गावांतून माणसं हंगामाला येत, आपली गाढवं घेऊन येत. वाळलेल्या विटा पाठीवर घेऊन गाढवं खळ्यावरून भट्टीकडे ओळीने जात. त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज दिवसभर चालू असे, तो थांबला की जेवायची वेळ झाली असं आम्ही समजत असू.

आता मुख्य गोष्ट.

हंगामाची पहिली वीट नाना थापत नसत. ती घरच्या लेकीने करायची. साचा नाना धरत, गोळा आई घाली, आणि साचा उचलला की लेकीने आपला उजवा पंजा त्या ओल्या विटेवर टेकवायचा. ती लेकीची वीट. ती सावलीत वेगळी वाळवायची, भट्टी रचताना मधोमध ठेवायची आणि भट्टी उघडली की सर्वांत आधी बाहेर काढायची. त्या हंगामात जो माणूस आयुष्यातलं पहिलं घर बांधत असेल, त्याला ती विटांच्या गाडीबरोबर तशीच द्यायची. त्याने ती भिंतीत बसवायची, पंजा आतल्या बाजूला करून. कुठल्या भिंतीत, ते त्याने कुणाला सांगायचं नाही, आपणही विचारायचं नाही. ही रीत कुणी घातली ते मला माहीत नाही. आबा म्हणत, मडकी भाजायच्या आव्यापासून आहे.

पहिल्यांदा माझा हात टेकवला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. माझ्या आधी आत्याचा हात असे, त्या वर्षी आत्या सासरी गेली होती. नानांनी माझं मनगट धरलं होतं. ते म्हणाले, "लई दाबू नको, तिथं तडकंल. अन् वरवर ठेवू नको, जाळ खाऊन टाकील. आईच्या पाठीला हात लावती ना, तसा लाव." मी लावला. थंड चिखल बोटांच्या फटींतून वर आला. हात उचलला तर तिथे माझा हात होता. मला तो परत हवा होता, म्हणून मी रडले असं आई सांगायची.

भट्टी लागली की तिला तोंडं ठेवलेली असत. त्यातून आत पाहिलं तर विटा लाल, मग केशरी, मग जवळजवळ पांढऱ्या दिसत. दगडी कोळशाचा वास केसांत, गोधड्यांत, भाकरीत उतरे. भट्टी जळत असेपर्यंत आईने तव्यावर काही करपू दिलं तर आबा बाहेरूनच म्हणत, "आज भट्टीत खंगर निघनार." खंगर म्हणजे जास्त भाजून वितळलेली, वाकडी वीट. आई तेवढे दिवस भाकरी अर्धीकच्ची ठेवी आणि आम्ही मुकाट्याने खात असू. एकदा माझ्या धाकट्या भावाने विचारलं की मग विटा खायच्या आणि भाकरी भिंतीला लावायच्या का. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

भट्टी निवली, उघडली, की नाना एक वीट उचलून दुसरीवर हलकेच आपटत. चांगली भाजलेली वीट वाजते. तांब्याच्या भांड्यासारखा स्वच्छ आवाज येतो. त्या आवाजासाठी सगळे गप्प उभे राहत. तो आला की आई नारळ फोडी. मग माझी वीट गोणपाटात गुंडाळून बाहेर येई, अजून कोमट. पंजा लाल झालेला, थोडा आकसलेला. भाजताना वीट आकसते, म्हणून त्या विटांमधली मी खऱ्या माझ्यापेक्षा नेहमी थोडी लहान असे.

दर वर्षी एक हात. नगरच्या वसतिगृहात राहून इंग्रजी शिकत होते तेव्हाही दिवाळीनंतर एक दिवस मला न्यायला कुणीतरी येई. मैत्रिणींना वाटे, घरी पूजा असते. मी तसंच सांगत असे. लग्न झालं, तुमचे आजोबा बँकेत, बदलीच्या गावी बिऱ्हाड, तरी घरात दुसरी लेक नव्हती म्हणून मी येई. एका वर्षी हातात हिरवा चुडा होता, तो विटेला लागू नये म्हणून आईने कोपरापर्यंत मागे सारून धरला होता, तरी एका बांगडीची कड उमटलीच. नाना म्हणाले, राहू दे, घरधनी खूश होईल.

तुमची आई जन्मली त्या वर्षी मला जाता येणार नव्हतं. आम्ही तेव्हा नगरला होतो. मी कळवलं की या खेपेला पहिली वीट अशीच थापा. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. नाना दारात. धोतराला चिखल, आणि तान्हं मूल धरावं तसं छातीशी धरलेलं ओल्या गोणपाटाचं गाठोडं. कोल्हारहून एसटीने ते ओली वीट फळीवर ठेवून घेऊन आले होते. वाटेत कंडक्टर दोनदा वाकून बघून गेला आणि शेवटी म्हणाला, "पाव्हणं, बाळ लई शांत हाय हो तुमचं." नानांनी त्याला सांगितलं, "माझी नात हाय. भाजायची ऱ्हायलीय अजून."

मी खाटेवर बसूनच पंजा टेकवला. वीट थोडी घट्ट झाली होती, जोर द्यावा लागला. नानांनी मग पाळण्याकडे पाहिलं. तुमच्या आईची मूठ त्यांनी आपल्या बोटाने उघडायचा प्रयत्न केला, ती उघडेना, तेव्हा मूठच कोपऱ्यात टेकवली. बोराएवढा खळगा पडला. चहासुद्धा न घेता ते परतीच्या गाडीला धावले, वीट सुकायच्या आत खळ्यावर पोचायची होती म्हणून. त्या वर्षी कोल्हारच्या, राहुरीच्या किंवा शिर्डीच्या कुठल्या घरात ती गेली, मला माहीत नाही. पण ऋचा, मिहिर, तुमची आई नगर जिल्ह्यातल्या एका भिंतीत आहे.

मधली वर्षं मी सोडून देते. आबा गेले, आई गेली, नाना गेले. नदीतून पोयटा येईनासा झाला, सिमेंटचे ठोकळे आले, भट्टीच्या भोवतीच्या उसात बंगले उगवले. कशामुळे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, आणि सांगून आता उपयोगही नाही. भट्टी माझ्या धाकट्या भावाकडे आली. त्याला मी भाऊच म्हणते, तो मला अक्का म्हणतो. दोन हंगामांपूर्वी त्याची छाती फार बिघडली. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं. त्याच्या मुलाने, संदीपने, भट्टी बंद केली आणि जमिनीचे प्लॉट पाडायचं ठरवलं. संदीपला वाईट म्हणू नका. तो बापाला दवाखान्यात घेऊन बसतो, त्याच्या पाठीला तेल चोळतो. त्याला बाप हवा आहे.

या हिवाळ्यात भाऊचा फोन आला. "अक्का, हात ठेवायला ये."

मला वाटलं, त्याला भ्रम झाला. गेले तर खळं सारवलेलं होतं. संदीप शिर्डीला कामाला जातो, तो घरी नसताना भाऊने जुन्या ओळखीतली दोन माणसं बोलावून माती भिजवली होती आणि विटा थापायची तयारी केली होती. भट्टी लावायची परवानगी नाही, कोळसा नाही, चहूबाजूंनी लोकांची घरं, आणि हा थापायला निघालेला. असली चूक आमच्या घरातलाच माणूस करू जाणे. दिवाळी झाली, माती हाताशी आहे, मग थापायचं, पुढचं पुढे. त्याची बायको शकू दारात पदर तोंडाला लावून उभी होती. ती मला म्हणाली, "मी काय बोलू अक्का? बारीक पोरावानी झालंय त्यांचं. दम लागतो, खाली बसत्यात, पुन्ना उठत्यात."

मी हात ठेवला. साचा तोच होता, आबांचा, कडा झिजून गोल झालेल्या. भाऊने तो धरला, शकूने गोळा घातला. माझा हात आता थरथरतो, त्यामुळे बोटांच्या कडा दुहेरी उमटल्या. भाऊने बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाला, "दोन बाया ठेवून गेल्यावानी दिसतंय."

मग सगळ्या हिवाळ्यात तो फोनवर एकच विचारत राहिला. कधी पेटवायची? संदीपने त्याला एकदाच सरळ सांगितलं की आता पेटणार नाही. त्यावर भाऊ दोन दिवस जेवला नाही, म्हणून पुन्हा कुणी सांगितलं नाही. विटा वाळल्या, एकावर एक रचून त्यांच्यावर निळं प्लास्टिक टाकलं. शेवटी भाऊ मला म्हणाला, "तू शिकलेली हायेस. तालुक्याला जाऊन सायबाशी इंग्रजीत बोल. एकच भट्टी. ही शेवटची, लिहून देतो म्हनावं."

मी गेले. इस्त्रीची साडी नेसून गेले, अर्ज व्यवस्थित लिहून नेला. साहेब तरुण होते, अतिशय सभ्य. मला बसवलं, चहा मागवला, अर्ज शेवटपर्यंत वाचला. मराठीतच म्हणाले की भोवती वस्ती आहे, लोकांनी आधीच लेखी हरकत घेतली आहे, त्यांच्या हातात काही नाही. त्या हरकतीवर सही करणाऱ्यांत एक माझी जुनी विद्यार्थिनी होती, तिच्या बाळाला दमा आहे. चहा पिऊन, त्यांचे आभार मानून मी उठले. भाऊला सांगितलं, बघू म्हणाले. तो खूश झाला. त्याने नारळ आणून ठेवला.

मार्च महिन्यात मी पुन्हा कोल्हारला गेले. गुढीपाडव्यानंतर जमीन सपाट करायला यंत्र येणार होतं, संदीपने मला आधी कळवलं होतं, आणि मी, त्याच्या आत्याने, समजावलं तर बाबा ऐकतील असं त्याला वाटत होतं. दुपारी जेवणं झाली. भाऊ ओसरीवर बाजेवर पडला होता, मी शब्द जुळवत शेजारी बसले होते. पश्चिमेकडून धूळ उठली आणि अचानक अंधारून आलं. या दिवसांत अवकाळी येतोच, कांदेवाले त्याने मेटाकुटीला आलेत. पण आमच्या मनात आधी प्लास्टिक आलं.

शकू धावली, मी तिच्यामागे. वाऱ्याने प्लास्टिकची एक बाजू वर उचलली होती आणि ती फडफडत होती. मी टोक धरलं, ते हातातून निसटलं. भाऊ काठी टेकत मागून आला आणि दोरी बांधायला बसला. बोटांना गाठ जमेना. शकू ओरडली, "सारा जलम मातीत गेला तुमचा, अन् एक गाठ बसंना?" तो म्हणाला, "मातीला गाठ मारत्यात का कुठं?" आणि दोघं त्या वाऱ्यात उभी राहून हसली. मग गारा आल्या. प्लास्टिक चिरत गेलं. संदीपला फोन लावला, तो लागेना. आम्ही तिघं म्हातारी माणसं. शकूने भाऊला दंडाला धरून ओढत आत आणलं, कारण तो भिजला असता तर त्याची छाती उरली नसती.

दारात बसून आम्ही पाहत राहिलो. कच्ची वीट कशी जाते ते मी लहानपणी पाहिलेलं नव्हतं, नाना कधी एवढा माल उघडा ठेवतच नसत. ती फुटत नाही. आधी तिच्या कडा जातात. मग कोपरे. मग ती बसल्यासारखी होते, थकलेलं माणूस बसतं तशी, आणि शेजारणीच्या अंगावर कलते. थोड्या वेळाने कुठली कोणती ते कळेनासं होतं. सगळ्या खळ्यावरून तांबूस पाणी नदीच्या बाजूला चाललं होतं. वास आला. तोच, आंबूस, थंड, हंगामाच्या सकाळचा.

माझी वीट वरच्या थरात होती, सावलीच्या बाजूला. शकूला ती आठवली. डोक्यावर घमेलं धरून ती उठली, आणि भाऊने तिचा पदर धरला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "एकट्या विटंची भट्टी लागत न्हाई."

पाऊस ओसरला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "सायब न्हाईच म्हनला हुता ना, अक्का?"

मी म्हटलं, "हो."

"मला ठावं हुतं. तू चेहऱ्यानं खोटं बोलत न्हाईस, नुसती तोंडानं बोलती." त्याने माझा उजवा हात घेतला, उलटा केला, पंजा निरखून पाहिला, आणि परत माझ्या मांडीवर ठेवला. संध्याकाळी संदीप आला, खळ्याकडे बघत उभा राहिला, मग बापाजवळ बसला. भाऊला आता काही समजवावं लागलं नाही. नारळ शकूने दुसऱ्या दिवशी आमटीत घातला.

यंत्र पाडव्यानंतर आलं. मी गेले नाही. संदीपने फोटो पाठवला आहे, त्यात सपाट तांबडी जमीन आणि चुन्याच्या रेघा दिसतात. आता तुम्ही नकाशात पाहिलंत तरी तिथे काही सापडणार नाही.

आबांचं चाक अंगणात भिंतीला टेकलेलं आहे. साचा शकूने धुऊन फडताळावर ठेवला आहे. भाऊला रोज दुपारी ताप येतो आणि उतरतो. आणि नगरपासून शिर्डीपर्यंत कुठल्या कुठल्या भिंतींत, गिलाव्याच्या आत, माझे उजव्या हाताचे पंजे आहेत, शाळेत न जाणाऱ्या मुलीपासून ते केस पिकलेल्या बाईपर्यंत, आणि एका विटेच्या कोपऱ्यात तुमच्या आईची मूठ आहे. कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही. त्या घरांत लोक राहतात.

तुमची,
आजी